आडात नाही ते पोहऱ्यात

'जुने ते सोने' ही म्हण आपल्याकडे इतक्या सहजपणे उच्चारली जाते, की तिच्यात एक अट दडलेली आहे हे कोणाच्या ध्यानातच येत नाही. सोने जुने झाले तरी सोनेच राहते, हे खरे. परंतु पितळ जुने झाले म्हणून त्याचे सोने झाल्याचे उदाहरण अजून कोणी दाखविलेले नाही. मराठीत दुसरीही एक म्हण आहे : आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार? पहिली म्हण समारंभाच्या भाषणात वापरतात आणि दुसरी समारंभ आटोपल्यावर हिशेब करताना. माझे म्हणणे एवढेच आहे, की जुनी वस्तू हाती आली आणि ती दुरुस्त करण्याची हौस मनात उत्पन्न झाली, म्हणजे आधी दुसरी म्हण आठवावी आणि मग पहिली. हे म्हणणे मी एका वाद्याच्या आधाराने मांडणार आहे, कारण वाद्याच्या बाबतीत खोटे फार काळ लपत नाही. खुर्चीला रंग दिला की ती नवी दिसते आणि दिसण्यावर निभावून जाते. वाद्याला शेवटी बोलावे लागते.

ते वाद्य म्हणजे स्नेअर ड्रम. लग्नाच्या वरातीत बँडवाला गळ्यात किंवा खांद्याला अडकवून जो 'साइड ड्रम' वाजवतो, तो याचाच भाऊ. ऑर्केस्ट्रातला ड्रमवाला दोन गुडघ्यांच्या मधोमध जो लहानसा गोल डबा ठेवतो आणि ज्यावर त्याचा डावा हात सतत खेळत असतो, तोच हा. युरोपातील लष्करी पलटणींबरोबर तो वाढला आणि गोऱ्या सैन्याच्या बँडबरोबर आपल्याकडे आला. आपल्या ताशाशी त्याचे नाते रक्ताचे नाही, परंतु कामाचे आहे. ढोलाच्या घुमणाऱ्या आवाजावर ताशा जसा कडकडीत रेघा ओढतो, तसेच काम मोठ्या ड्रमच्या साथीला हा स्नेअर करतो.

याची रचना समजून घेतली पाहिजे, कारण पुढील सगळा वाद तिच्यावर अवलंबून आहे. सामान्यतः चौदा इंच व्यासाचे आणि पाच-साडेपाच इंच उंचीचे एक नळकांडे असते. ड्रमवाले त्याला शेल म्हणतात. आपण तबल्याच्या भाषेत त्याला खोड म्हणू. खोडाच्या दोन्ही तोंडांवर पाने ताणलेली असतात. पूर्वी ही पाने वासराच्या कातड्याची असत. अमेरिकेत १९५७ च्या सुमारास पॉलिएस्टरच्या पातळ पापुद्र्याची पाने बाजारात आली आणि थोड्याच वर्षांत कातडे मागे पडले. पावसाळ्यात कातडे सैल पडते आणि उन्हात ताणते, हे ज्याने ताशा शेकोटीवर शेकताना पाहिला आहे त्याला सांगावयास नको. वरचे पान साधारण पाव मिलिमीटर जाडीचे असते, कारण त्याला मार खावयाचा असतो. खालचे त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही थोडे कमी जाडीचे, जवळजवळ कांद्याच्या पातीच्या सालीसारखे असते, कारण त्याला फक्त थरथरावयाचे असते. त्या खालच्या पानाला चिकटून धातूच्या वळलेल्या तारांचा एक पट्टा ताणलेला असतो. बहुधा वीस तारा असतात. वर काडी पडली की आतली हवा खालच्या पानाला हलविते, पान तारांना हलविते आणि तो प्रसिद्ध 'छर्र' असा आवाज निघतो. तारा सोडविल्या की हेच वाद्य एखाद्या लहान ढोलक्यासारखे मुके बोलू लागते.

आता यातील मर्माच्या जागा दोन. पहिली, खोडाचा काठ. पान ज्या धारेवर टेकते ती धार सर्व बाजूंनी सारखी असावी लागते आणि खोड खरोखरच वाटोळे असावे लागते. तसे नसेल तर पान कोठे घट्ट व कोठे सैल बसते आणि कितीही स्क्रू पिळले तरी सूर एका ठिकाणी थांबत नाही. दुसरी जागा अधिक नाजूक आहे. तारांचा पट्टा जेथे काठ ओलांडतो तेथे खालच्या काठाला अगदी उथळ खोलगट उतार दिलेला असतो. त्या उतारामुळे पान तेथे किंचित खाली बसते आणि तारा त्याच्यावर सपाट पडतात. हा उतार अधिक झाला, तिरपा झाला किंवा मुळीच नसला, की तारा पानाला कोठे तरी टेकतात आणि कोठे तरी लोंबतात. एका मिलिमीटरच्या आतबाहेरचा हा खेळ आहे.

आमच्या महाविद्यालयाच्या संगीत मंडळाकडे असा एक ड्रम आला. मंडळाने तो जुन्या बाजारातून १,५०० रुपयांना घेतला होता. दुरुस्तीचे काम माझ्याकडे आले, कारण हत्यारे माझ्याकडे होती. ड्रमवर कोणत्याही कंपनीचे नाव नव्हते. नावाची पट्टी जेथे असावी तेथे केवळ एक भोक होते. बाहेरून चकचकणाऱ्या लाल प्लॅस्टिकचे आवरण होते. ते वयोमानाने आखडून जोडाजवळ तडकले होते. आत तीन पदरांचे पातळ प्लायवूड, कडी दाबून काढलेल्या पत्र्याची, आणि स्क्रू ज्यांत बसतात ते डबे जस्ताच्या मिश्रधातूचे ओतीव. बांधणी पाहता हा ड्रम साठ-पासष्टच्या काळात जपानमधून जगभर गेलेल्या बिननावी मालाच्या कुळातला होता, हे ओळखू येत होते.

कामाचा तपशील थोडक्यात देतो. सर्व भाग सुटे करून धुतले. कड्यांवरचा गंज ॲल्युमिनियमच्या पातळ कागदाचा बोळा पाण्यात बुडवून घासला. क्रोमच्या वरवरच्या गंजावर हा उपाय चांगला चालतो आणि पॉलिशलाही फारसा ओरखडा पडत नाही. आवरणाचा सुटलेला जोड चिकटविला. दोन्ही पाने नवी आणली : वरचे १,६०० रुपयांचे, खालचे १,४०० रुपयांचे. तारांचा पट्टा ९०० रुपये. तारा ताणणारा व सोडणारा खटका मोडलेला होता, तो १,३०० रुपये. स्क्रू व वायसर ६०० रुपये. एकूण ५,८०० रुपये, आणि ड्रमची मूळ किंमत धरून ७,३०० रुपये. ज्या दुकानातून पाने घेतली त्याच दुकानात नवा, साधा, स्टीलच्या खोडाचा ड्रम ७,००० रुपयांना टांगलेला होता.

काठाची परीक्षाही केली. तिची रीत सोपी असून ती सर्वांना ठाऊक असावी. पान काढलेले खोड ग्रॅनाइटच्या सपाट ओट्यावर पालथे ठेवावे, आत एक दिवा लावावा आणि खोलीत अंधार करावा. काठ जेथे ओट्याला टेकत नाही तेथून प्रकाशाची रेघ बाहेर येते. या ड्रमच्या तिन्ही बाजूंनी पहाट झाली. ओट्यावर सॅंडपेपर चिकटवून काठ घासला, तेव्हा दोन बाजूंचा प्रकाश मिटला. तिसऱ्या बाजूचा मिटेना, कारण तेथे लाकडाचा वरचा पदरच मुळात कमी पडलेला होता. व्यास दोन दिशांनी मोजला तर तीन मिलिमीटरांचा फरक निघाला. म्हणजे आपण ज्याला गोल म्हणत होतो ते वस्तुतः अंड्याच्या जातीचे होते. आवरणाचा एक पदर दुसऱ्यावर जेथे चढला होता तेथे उंचवटा होता आणि नवे पान त्या उंचवट्यावर अडून बसत होते. तारांचा उतार एका बाजूला खोल, दुसऱ्या बाजूला नावापुरता.

दिसावयास मात्र ड्रम देखणा झाला. स्नेहसंमेलनाच्या तयारीच्या वेळी तो मांडला तेव्हा सर्वांनी कौतुक केले. नंतर तो वाजविला. मधोमध जोरात मारले तर आवाज ठीक. परंतु हलक्या हाताचे काम सुरू झाले की तारा उशिरा जाग्या होत आणि उशिरापर्यंत कुरकुरत. काठाजवळचा आवाज एका बाजूला पत्र्याचा, दुसऱ्या बाजूला पुठ्ठ्याचा. दोन्ही काड्या दाबून जो सलग 'रोल' काढतात, तो सलग न निघता तुटक कडकड होई. ताण वाढवावा तर जस्ताच्या डब्यातला आटा झिजलेला, म्हणून दोन गाण्यांनंतर स्क्रू आपोआप सैल. पहिल्या वर्षाचा एक विद्यार्थी त्यावर शिकत होता. आठवड्याभराने तो म्हणाला, "सर, मला वाटतं माझाच हात बसत नाहीये." मी त्याला शेजारच्या बँडवाल्याकडचा ड्रम वाजवावयास दिला. त्याचा रोल पहिल्याच प्रयत्नात बराचसा बसला.

या एका वाक्यासाठी मी हा लेख लिहीत आहे. वाद्य खराब निघाले तर ७,३०० रुपये गेले, हे नुकसान मोजता येते. परंतु शिकणाऱ्याने वाद्याचा दोष आपल्या हाताच्या खात्यावर मांडला, हे नुकसान कोणत्या वहीत लिहावयाचे? तयार वादकाला वाद्याचे दोष कळतात आणि तो त्यांना वळसा घालून जातो. नवशिक्याजवळ तुलना करावयास दुसरे काहीच नसते. तो समोरच्या वस्तूलाच प्रमाण मानतो आणि स्वतःला कमी मानतो.

मग प्रश्न असा येतो, की दुरुस्ती नीट होऊनही फळ असे का? याचे उत्तर त्या ड्रमच्या जन्मात आहे. ९ फेब्रुवारी १९६४ रोजी अमेरिकेच्या दूरचित्रवाणीवर बीटल्सचा कार्यक्रम झाला आणि तो सात कोटींहून अधिक लोकांनी पाहिला. रिंगो स्टार ज्या ड्रमच्या मागे बसला होता त्याच्या दर्शनी पानावर लुडविग हे नाव ठळक अक्षरांत होते. त्या देशातल्या घराघरांतील मुलांना ड्रम हवासा वाटू लागला आणि नामांकित ड्रम सर्व बापांना परवडण्यासारखे नव्हते. ही मागणी पुरविण्यात जपानी कारखान्यांचा मोठा वाटा होता. एकाच कारखान्यातून निघालेला माल वेगवेगळ्या आयातदारांच्या नावाच्या पट्ट्या लावून विकला जाई. लाकूड बहुधा लुआन असे. त्याला व्यापारात 'फिलिपिन्स महोगनी' असे भारदस्त नाव होते, मात्र खऱ्या महोगनीशी त्याचा संबंध नाही. ते हलके, मऊ आणि प्लायवूडला सोयीचे लाकूड. वस्तू स्वस्त असावी आणि दुकानाच्या काचेआड झगमगावी, एवढीच तिच्याकडून अपेक्षा होती. म्हणून झगमगाटावर खर्च झाला, आणि काठ, वाटोळेपणा व ओतीव भाग येथे काटकसर झाली. हेच जपानी कारखानदार पुढे काही वर्षांत जगातील उत्तम ड्रम बनवू लागले, हेही सांगितले पाहिजे. त्यांना येत नव्हते असे नव्हे. त्या किमतीला तेवढेच मिळत होते.

याच्या उलट उदाहरण पाहा. शिकागो येथे १९०९ मध्ये दोन लुडविग बंधूंनी काढलेल्या त्याच लुडविग कंपनीने १९६० च्या दशकात 'सुप्राफोनिक' नावाचा स्नेअर काढला. त्याचे खोड ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे, बिनजोड, आणि वर क्रोमचा मुलामा. ताणासाठी दहा जोड्या. हा ड्रम ध्वनिमुद्रणाच्या स्टुडिओंत पुढे घरचाच झाला. त्याच कंपनीने शाळकरी विद्यार्थ्यांसाठी 'ॲक्रोलाइट' नावाचा स्वस्त ड्रमही काढला. त्याला मुलामा नव्हता, ताणाच्या जोड्या आठच होत्या. परंतु खोड तसेच बिनजोड ॲल्युमिनियमचे होते. शाळांच्या कोठारांतून धूळ खात पडलेले असे ॲक्रोलाइट आज कोणी विकत घेतो, पुसतो, नवी पाने आणि नव्या तारा बसवितो, आणि ते वाद्य व्यावसायिक वादकाच्या हाती शोभते. म्हणजे दोन्ही ड्रम स्वस्त, दोन्ही एकाच दशकातले आणि दोन्ही शिकाऊ मुलांसाठी काढलेले. एकात काटकसर दागिन्यांत केली होती, दुसऱ्यात हाडांत. दुरुस्ती करणाऱ्याला दागिना पुन्हा घालता येतो; हाड पुन्हा घालता येत नाही.

आपल्या परंपरेला ही गोष्ट चांगली ठाऊक आहे. तबल्याची पुडी फुटते, शाई उडते, वाद्या तुटतात. ते सर्व बदलून घेण्यात कोणालाही कमीपणा वाटत नाही. आजोबांचा तबला नातू वाजवितो तेव्हा त्यातील आजोबांच्या वेळचे केवळ खोड असते. परंतु खोड शिसवीचे आणि तोंडाशी सारखे आहे, हे पाहूनच कारागीर काम हाती घेतो. खोडाला चीर असली की तो सरळ सांगतो, "हे राहू द्या." मिरजेच्या कारागिरांकडे जुना तानपुरा नेला तर ते घोडीची जवारी नव्याने काढून देतात, कारण तारांच्या घासण्याने घोडीवर चरे पडणारच, हे गृहीत असते. भोपळा आणि दांडी निवडतानाच त्यांनी पुढच्या पिढीचा विचार केलेला असतो. जुन्या तानपुऱ्याचे कौतुक होते ते त्या निवडीचे. वय ही त्या निवडीची केवळ साक्ष आहे. निवडच झालेली नसेल तर साक्ष कशाची काढावयाची?

माझ्या या म्हणण्यावर तीन आक्षेप घेतले जातात. पहिला आक्षेप असा, की आवाज ही आवडीची बाब आहे. काही वादकांना या लुआनच्या ड्रमचा कोरडा, आखूड आवाज मुद्दाम हवा असतो आणि ध्वनिमुद्रणात ते त्याचा सुंदर उपयोग करतात. हे मला मान्य आहे. परंतु असा वादक चार चांगले ड्रम घरी असताना पाचवा म्हणून तो घेतो. विदूषकाची टोपी हौसेने घालणे निराळे आणि घरात दुसरी टोपी नसल्यामुळे घालावी लागणे निराळे.

दुसरा आक्षेप काटकसरीचा. वस्तू फेकून देण्यापेक्षा वापरावी, ही आपली जुनी आणि चांगली शिकवण. तिच्याविषयी मला आदर आहे. मात्र या हिशेबात एक चलाखी होते : जुन्या वस्तूची किंमत तेवढी मोजतात आणि तिच्यावर पुढे होणारा खर्च मोजीत नाहीत. आमच्या ड्रमच्या प्रत्येक रुपयामागे दुरुस्तीला जवळजवळ चार रुपये लागले. तेव्हा काटकसर करावयाचीच असेल तर ती पहिल्या रुपयाच्या वेळी करावी. दिवा लावून काठ पाहण्यास काही खर्च येत नाही.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जवळचा वाटतो. दुरुस्ती करताना माणूस शिकतो, असे म्हणतात. आणि ते खरे आहे. हा ड्रम सुटा केला म्हणून मंडळातील चार मुलांना काठ म्हणजे काय, तारांचा उतार कशासाठी आणि समोरासमोरचे स्क्रू आळीपाळीने का पिळावयाचे, हे हाताने कळले. ते ज्ञान पुस्तकातून मिळाले नसते. पण मग त्या ड्रमला ज्ञानाचे साधन म्हणून ठेवावे, वाद्य म्हणून पुढे करू नये. वैद्यकीय महाविद्यालयात सांगाडा असतोच. त्याला कोणी धावण्याच्या शर्यतीत उतरवीत नाही.

आता जे सांगावयाचे ते थोडे कडू आहे. 'जुने ते सोने' हे वाक्य कोणाला ऐकविले जाते याचा विचार करा. ज्या घरात मुलासाठी नवे वाद्य येते तेथे ही म्हण सहसा निघत नाही. ती निघते ती ज्याला नवे परवडत नाही त्याच्यापुढे. माळ्यावरची पेटी, जिचे तीन सूर बसलेले आहेत; गॅरेजमधली गिटार, जिची मान वाकलेली आहे; आणि अडगळीतला ड्रम. या वस्तू मोठ्या मनाने संस्थांना आणि गरजू मुलांना दिल्या जातात, वर त्यांच्या वयाचे गुणगान केले जाते आणि देणाऱ्याचा माळा रिकामा होतो. देणाऱ्याच्या मनात खोट असते असे मी म्हणत नाही. पण घेणाऱ्याने 'हे नको' म्हटले तर तो कृतघ्न ठरतो, आणि 'हे वाजत नाही' म्हटले तर त्याचा हात कच्चा ठरतो. दोन्हीकडून तोंड बंद. शिक्षणाच्या क्षेत्रात तरी ही रीत चालू नये, असे मला वाटते. ज्याच्याकडे कमी आहे त्याला कमी वस्तू द्या हवे तर, पण त्या खऱ्या द्या. एक नवा साधा ड्रम चार सजविलेल्या जुन्या ड्रमांपेक्षा शिकणाऱ्याच्या अधिक उपयोगी पडतो.

म्हणून आमच्यासारख्या मंडळांना माझी सूचना अशी. जुने वाद्य भेट म्हणून आले किंवा विकत घ्यावयाचे ठरले, तर आधी ते सुटे करून त्याचे खोड पाहावे. व्यास दोन दिशांनी मोजावा, दिवा लावून काठ पाहावा, आटे फिरवून पाहावेत. खोड चांगले असेल तर बाकी सर्व मोडलेले असले तरी बेलाशक खर्च करावा. तो वाया जाणार नाही. खोड वाईट असेल तर देणाऱ्याचे आभार मानून ते वाद्य शिकविण्याच्या कपाटात ठेवावे आणि त्याच्या दुरुस्तीसाठी जी वर्गणी जमली असती ती नव्याच्या खात्यावर जमा करावी. तसेच कोणत्याही विद्यार्थ्याला त्याच्या हाताविषयी मत देण्यापूर्वी एकदा दुसऱ्या, निर्दोष वाद्यावर बसवावे. हा नियम ड्रमपुरता नाही. पेटी, तबला, सतार, सर्वांना तो लागू करावा.

आमच्या ड्रमचे पान काढून मंडळाने तो आता कपाटात ठेवला आहे. त्याची नवी पाने, तारा आणि खटका पुढच्या ड्रमसाठी जपून ठेवले आहेत, कारण हे सर्व भाग चौदा इंची खोडाला चालतात. म्हणजे ५,८०० रुपयांतील ५,२०० रुपयांचा माल पुन्हा कामास येईल. उरलेल्या रकमेसाठी मंडळाची वर्गणी येत्या सत्राच्या पहिल्या आठवड्यात सुरू होत आहे. ज्यांना माळा रिकामा करावयाचा आहे त्यांनीही या वेळी रोख रक्कमच द्यावी.